चोळायचं औषध, प्यायचं औषध: एका जुन्या घोटाळ्याचा इतिहास



आजचा विषय ऐकायला अगदी घरगुती वाटेल. गुडघा, कंबर, खांदा दुखायला लागला की आपण जे काही चोळतो किंवा चिकटवतो, तेल, बाम, मलम, जेल, पॅच, त्या औषधांचा हा विषय आहे. आणि त्यातही एका बाजूचा: या औषधांमुळे वयस्कर माणसांना चुकून झालेल्या विषबाधांचा.

विषबाधेचा इतिहास म्हटलं की राजवाडे, कटकारस्थानं आणि आर्सेनिकचे प्याले डोळ्यांपुढे येतात. त्या गोष्टी रंजक असतात, त्यांवर पुस्तकंही पुष्कळ आहेत. पण चुकून होणाऱ्या विषबाधेचं ठिकाण बहुतेक वेळा घर हेच असतं, आणि वेळ बहुधा रात्रीची. तिथे खलनायक कोणी नसतो. एक बाटली असते, एक चमचा असतो आणि दुखणारे सांधे असलेलं एक माणूस असतं. म्हणून या घटना इतिहासाच्या पुस्तकांत तळटीपेतही येत नाहीत. त्या सापडतात जुन्या वर्तमानपत्रांत, न्यायवैद्यकाच्या ग्रंथांत आणि औषधांच्या कायद्यांत.

या सगळ्याकडे एकत्र पाहिलं की एक गोष्ट लक्षात येते, आणि आज आम्हाला तीच तुमच्यापुढे मांडायची आहे. चोळायच्या औषधापासून सगळ्यात जास्त धोका दोघांना असतो: लहान मुलाला आणि म्हाताऱ्या माणसाला. एकोणिसाव्या शतकातल्या कायद्याने म्हाताऱ्या माणसाच्या उपयोगी पडेल अशी एक फार चांगली युक्ती शोधून काढली होती. विसाव्या शतकाने लहान मुलाला वाचवायचं ठरवलं, त्यात पुष्कळ यशही मिळवलं, पण त्या नादात ती जुनी युक्ती मागे पडली.

सुरुवात करू या व्हिक्टोरियन इंग्लंडपासून.

त्या काळात सांधेदुखी, कंबरदुखी, मज्जातंतूंची कळ यांवर डॉक्टर 'लिनिमेंट' लिहून देत. लिनिमेंट म्हणजे चोळायचं पातळ औषध. ब्रिटिश फार्माकोपियात, म्हणजे अधिकृत औषधसूचीत, लिनिमेंटची मोठी यादीच होती. त्यातलं सगळ्यात प्रसिद्ध होतं 'ए.बी.सी. लिनिमेंट'. नाव बालवाडीतलं वाटतं, पण ए म्हणजे अ‍ॅकोनाइट, बी म्हणजे बेलाडोना आणि सी म्हणजे क्लोरोफॉर्म. तीन लिनिमेंटं एकत्र करून हे मिश्रण बनायचं.

अ‍ॅकोनाइट आपल्याला परकं नाही. आपण ज्याला बचनाग म्हणतो, तो याच वर्गातला. आयुर्वेदात बचनाग शुद्ध केल्याशिवाय वापरायचा नाही असा दंडक आहे, तो उगाच नाही. त्यातलं अ‍ॅकोनिटीन हे द्रव्य अवघ्या २ मिलिग्रॅममध्ये माणसाचा जीव घेऊ शकतं. त्वचेवर लावलं की आधी मुंग्या येतात, मग जागा बधिर होते, म्हणून ते वेदनेवर वापरत. पोटात गेलं की हीच बधिरता ओठ आणि जीभ यांपासून सुरू होते आणि हृदयाची लय बिघडवून थांबते. बेलाडोनाने तोंड कोरडं पडतं, बाहुल्या मोठ्या होतात आणि माणूस भ्रमात बडबडायला लागतो. क्लोरोफॉर्मबद्दल वेगळं सांगायला नको.

आता ही बाटली घरात कुठे असायची? ज्याला संधिवात आहे त्याच्या उशाशी. आणि संधिवात कोणाला? बहुधा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला. त्याच उशाशी खोकल्याची, झोपेची, पोटाची अशी दुसरी बाटलीही असायची. दोन्ही एकाच औषधविक्याकडून आलेल्या, एकाच आकाराच्या. लेबलं हाताने लिहिलेली. उजेड मेणबत्तीचा. चश्मा असला तर बाजूला काढून ठेवलेला. कळ आल्यावर माणूस घाईत असतो. मग चुकीच्या बाटलीतलं औषध चमच्यात ओतलं जाई. इंग्लंडमध्ये आकस्मिक मृत्यूची चौकशी करणारा अधिकारी असतो, त्याला कॉरोनर म्हणतात. चोळायचं औषध चुकून प्यायल्याच्या चौकशा त्या काळच्या वर्तमानपत्रांत वारंवार छापून येत.

यावर सरकारने काय केलं? सुरुवातीला फारसं काही नाही. धक्का बसला तो वेगळ्याच घटनेने. १८५८ च्या ऑक्टोबरमध्ये ब्रॅडफर्ड शहरात बाजारातल्या मिठाईत चुकून आर्सेनिक मिसळलं गेलं. मिठाईवाल्याला साखरेत भेसळीसाठी स्वस्त पांढरी पूड हवी होती. दुकानातून त्याला आर्सेनिक दिलं गेलं, कारण तेही पांढरंच. सुमारे २० माणसं दगावली, २०० च्या आसपास आजारी पडली. विष आणि अ-विष एकसारखं दिसतं, एवढीच त्या घटनेची मुळातली गोष्ट. या आणि अशा घटनांच्या रेट्याने १८६८ मध्ये फार्मसी अ‍ॅक्ट आला. विष विकताना बाटलीवर पदार्थाचं नाव, 'पॉयझन' हा शब्द आणि विक्रेत्याचं नाव-पत्ता हवाच, असं ठरलं. त्या कायद्याच्या पहिल्या विषसूचीत अ‍ॅकोनाइट, बेलाडोना आणि क्लोरोफॉर्म ही तिन्ही नावं होती. म्हणजे ए.बी.सी. लिनिमेंट पूर्णच्या पूर्ण विषांच्या यादीतलं होतं, आणि ते कंबरेला चोळलं जात होतं.

पण लेबल वाचायला उजेड लागतो, डोळे लागतात आणि अक्षरओळख लागते. रात्री दोन वाजता या तिन्हींची खात्री नाही. हे ज्यांच्या लक्षात आलं, त्यांनी बाटलीच बदलायला घेतली. १८५९ मध्येच सॅव्हरी आणि बार्कर या दोघांनी विषाच्या खास बाटलीचं पेटंट घेतलं होतं. पुढे अशा बाटल्यांची रीतच पडली. रंग गडद निळा किंवा हिरवा. आकार षटकोनी. आणि मुख्य म्हणजे काचेवर उभ्या रेघा, कंगोरे, खडबडीत उठाव. हात लावला की कळावं, ही पिण्याची बाटली नाही. १८९९ मध्ये इंग्लंडमधल्या नियमांनी हे बंधनकारकच केलं: विष असलेली लिनिमेंटं, लोशनं, जंतुनाशकं ही स्पर्शाने वेगळी ओळखू येतील अशाच बाटलीतून द्यायची आणि त्यावर 'पोटात घेऊ नये' असं लिहायचं.

मंडळी, या नियमातला 'स्पर्शाने' हा शब्द फार मोलाचा आहे. नियम करणाऱ्यांनी ज्याला दिसत नाही, ज्याला वाचता येत नाही, जो अंधारात चाचपडतो आहे, त्या माणसाचा विचार केला. त्याच्यावर 'नीट बघून घ्यायचं ना' असा ठपका ठेवला नाही. बोटांना कळेल अशी खूण दिली. आज संग्राहक या निळ्या बाटल्या शोभेच्या म्हणून विकत घेतात. त्या कशासाठी बनल्या होत्या ते फार थोड्यांना माहीत असतं.

आता दुसऱ्या धाग्याकडे वळू. बचनागाची लिनिमेंटं हळूहळू मागे पडली आणि त्यांची जागा एका सुगंधी तेलाने घेतली. विंटरग्रीनचं तेल. आपल्याकडे गंधपुऱ्याचं तेल म्हणतात ते याच जातीचं. अमेरिकेतली विंटरग्रीन ही जमिनीलगत वाढणारी वनस्पती. तिची बहीण निलगिरीच्या आणि खासीच्या डोंगरांत वाढते. १८४३ मध्ये पॅरिसचे ओग्यूस्त काऊर यांनी या तेलातला मुख्य घटक ओळखला: मिथाइल सॅलिसिलेट. त्याच सुमाराला फिलाडेल्फियाचे विल्यम प्रॉक्टर यांनी दाखवलं, की बर्च झाडाच्या एका जातीच्या सालीतून निघणारं तेलही तेच आहे.

'सॅलिसिलेट' हा शब्द तुमच्या ओळखीचा असेल, कारण तो अ‍ॅस्पिरीनचा नातेवाईक. विलो झाडाची साल तापावर चालते हे इंग्लंडच्या एडवर्ड स्टोन नावाच्या पाद्र्याने १७६३ मध्ये कळवलं होतं. १८७४ पासून जर्मनीत ड्रेस्डेनजवळ सॅलिसिलिक आम्ल कारखान्यात बनू लागलं. १८७६ मध्ये थॉमस मॅक्लॅगन या स्कॉटिश डॉक्टरांनी 'लॅन्सेट'मध्ये सांध्यांच्या तापावर सॅलिसिन दिल्याचे अनुभव छापले. १८९९ मध्ये अ‍ॅस्पिरीन बाजारात आली. तेव्हा एकाच कुटुंबातली दोन भावंडं घरात शिरली असं समजा: गोळी झाली अ‍ॅस्पिरीन, आणि चोळायचं तेल झालं मिथाइल सॅलिसिलेट.

गोळीबद्दल लोक सावध होते. ती मोजून घ्यायची असते. तेलाबद्दल कोणी मोजमाप केलं नाही, कारण ते 'वरून लावायचं'. आता आकडा ऐका. विंटरग्रीनचं शुद्ध तेल एक चहाचा चमचा, म्हणजे ५ मिलिलिटर, घेतलं तर त्यात सुमारे ७ ग्रॅम सॅलिसिलेट असतं. अ‍ॅस्पिरीनच्या ३२५ मिलिग्रॅमच्या गोळ्यांत सांगायचं तर २१ गोळ्यांहून जास्त. एका चमच्यात. लहान मुलाला तेवढं प्राणघातक ठरू शकतं. ज्याची मूत्रपिंडं मंदावली आहेत अशा वृद्धालाही ते फार गंभीर आहे. शिवाय द्रव असल्याने ते गोळीपेक्षा लवकर शोषलं जातं.

आणि याचा वास! बेलाडोनाच्या बाटलीला निदान औषधाचा उग्र वास तरी होता. विंटरग्रीनचा वास गोड, गारेगार. पाश्चात्य देशांत हाच स्वाद च्युइंगगममध्ये, गोळ्या-चॉकलेटांत, टूथपेस्टमध्ये घालतात. म्हणजे नाकाने ओळखायची सोयही गेली. ज्यांना वयोमानाने वासच नीट येत नाही, त्यांचं तर बोलायलाच नको.

याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं? १८९३ मध्ये मुंबईत काशिनाथुनी नागेश्वरराव यांनी 'अमृतांजन' सुरू केलं. पुढे ते मद्रासला गेले, 'आंध्र पत्रिका'ही त्यांचीच. वेदनेवर डबीतला बाम ही सवय आपल्या घरांत अशी रुळली. इथे एक गोष्ट लक्षात घ्या. डबीतला घट्ट बाम चुकून चमचाभर प्यायला जात नाही. घोटाळा होतो तो पातळ औषधात, जे बाटलीत असतं आणि ओतता येतं. विषारीपणा द्रव्यात असतो, पण अपघात पुष्कळदा भांड्याच्या आकारात दडलेला असतो.

आपल्याकडे आणखी एक गुंतागुंत आहे. पोटात घ्यायचं आणि वरून लावायचं यांतली रेघ आपल्या घरगुती औषधांत नेहमीच पुसट होती. कापूर, पुदिन्याचं सत्त्व आणि ओव्याचं सत्त्व एकत्र केलं की पातळ होतं, ती अमृतधारा. पोट दुखलं तर बत्ताशावर दोन थेंब, डोकं दुखलं तर कपाळाला. एकच बाटली दोन्हींकडे. दोन थेंबांपुरतं ते ठीक होतं. पण त्यातून मनात एक समजूत घट्ट बसते, की जे लावायला चालतं ते थोडं पोटात गेलं तरी काय बिघडतं? तिथे कापूर येतो.

कापूर आपल्याला देवघरातला. पण कापराचं एक रूप वैद्यकात कुप्रसिद्ध आहे. १९३४ मध्ये बुडापेस्टला लाडिस्लास मेडुना या डॉक्टरांनी मनोरुग्णांना मुद्दाम झटके आणायचे ठरवले, त्यातून स्किझोफ्रेनिया बरा होईल अशी त्यांची कल्पना होती. झटके आणण्यासाठी त्यांनी आधी वापरलं ते कापराचं तेल, इंजेक्शनने. इतक्या खात्रीने कापूर मेंदूला झटका देतो. आणि हेच कापराचं तेल, कापसाच्या सरकीच्या तेलात २० टक्के कापूर, अमेरिकेत घरोघरी छातीला आणि सांध्यांना चोळायला असायचं. त्याच्या एका चमच्यात १ ग्रॅम कापूर.

त्याच फडताळात आणखी एक तेल असायचं: एरंडेल. आता इंग्रजीत बघा, 'कॅम्फरेटेड ऑइल' आणि 'कॅस्टर ऑइल'. दोन्ही 'कॅ'ने सुरू होणारी, दोन्ही तेलं, दोन्ही लहान बाटलीत. पोट साफ होण्यासाठी एरंडेल घ्यायला गेलेली माणसं कापराचं तेल पिऊन बसत. १९७३ मध्ये एका गरोदर बाईची अशी घटना वैद्यकीय नियतकालिकात आली. १९७७ मध्ये तर दोन अमेरिकी विषतज्ज्ञांनी कापराचं तेल आणि एरंडेल यांतला गोंधळ आणि त्याचे परिणाम, याच विषयावर निबंध लिहिला. शेवटी १९८२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने कापराचं तेल बाजारातून काढायला लावलं, आणि पुढच्या वर्षी बाकीच्या औषधांत कापराची मर्यादा ११ टक्क्यांवर आणली. एका नावाच्या सारखेपणामुळे काही पिढ्या माणसं आजारी पडत राहिली, आणि उपाय निघाला तो औषधच काढून टाकण्याचा. बाटली बदलण्याचं कोणाला सुचलं नाही.

मग मुलांचं युग आलं. १९५३ मध्ये शिकागोत अमेरिकेतलं पहिलं विषमाहिती केंद्र सुरू झालं. केंद्रांकडे येणाऱ्या घटना मोजल्यावर कळलं, की पाच वर्षांखालची मुलं मोठ्या संख्येने घरातली औषधं गिळतात. त्यावरून १९७० मध्ये अमेरिकेत विषबाधा टाळण्यासाठीच्या वेष्टनांचा कायदा झाला. मुलांना न उघडणारी झाकणं, दाबून फिरवायची, ती तेव्हापासूनची. ज्या द्रव औषधांत ५ टक्क्यांहून जास्त मिथाइल सॅलिसिलेट आहे, त्यांनाही हे झाकण सक्तीचं झालं. झाकणाची परीक्षा कशी घ्यायची तेही ठरलं: ४२ ते ५१ महिन्यांच्या मुलांसमोर बाटल्या ठेवायच्या आणि किती मुलांना उघडता येतं ते पाहायचं. मोठ्यांना मात्र उघडता आलं पाहिजे. हे मोठे कोण? १८ ते ४५ वयाचे.

इथे थोडं थांबू या. चोळायचं औषध कोणासाठी? ज्याची बोटं संधिवाताने वाकडी झाली आहेत त्याच्यासाठी. आणि झाकण उघडून पाहायला बोलावले कोण? पंचेचाळिशीच्या आतले, धडधाकट हातांचे. बरीच वर्षं असंच चाललं. परिणाम काय झाला, तो घराघरात दिसतो. आजोबांना झाकण उघडत नाही, म्हणून ते एकदा उघडलं की परत घट्ट लावत नाहीत. किंवा औषध दुसऱ्या सोप्या बाटलीत ओतून ठेवतात. म्हणजे सुरक्षेसाठी केलेल्या झाकणामुळेच तेल लेबल नसलेल्या बाटलीत जातं. नातवंडाच्या हाती लागतं, आणि रात्री त्यांच्या स्वतःच्याही.

हे अमेरिकेच्या ग्राहकसुरक्षा आयोगाला कळलं तेव्हा १९९५ साल उजाडलं. त्या वर्षी नियम बदलला आणि झाकणाच्या परीक्षेला ५० ते ७० वयाची माणसं बसवायचं ठरलं. कायदा झाल्यापासून हे होईपर्यंत २५ वर्षं गेली.

आतापर्यंत आपण चुकून पिण्याबद्दल बोललो. दुसरा रस्ता त्वचेचा आहे आणि तो जास्त गप्प आहे.

आपण त्वचेला भिंत समजतो. वैद्यकाच्या दृष्टीने ती दार आहे, किलकिलं. त्यातून औषध आत जातं म्हणून तर लेप गुण देतो. साधारण वापरात थोडंच जातं. उदाहरणार्थ, आज आपण वापरतो त्या डायक्लोफिनॅक जेलमधून रक्तात पोचणारं औषध गोळीच्या मानाने सुमारे ६ टक्के असतं. म्हणूनच डॉक्टर पुष्कळदा वृद्धांना गोळीऐवजी जेल सुचवतात. गोळीने पोटात रक्तस्राव होण्याची भीती असते, जेलने ती फार कमी. तेव्हा चोळायची औषधं वाईट, असा अर्थ यातून कृपया काढू नका.

पण दार केव्हा जास्त उघडतं? मोठ्या भागावर चोळलं, दिवसातून चार-पाच वेळा चोळलं, वरून पट्टी गुंडाळली, गरम पाण्याची पिशवी किंवा हीटिंग पॅड ठेवलं, त्वचा फाटलेली किंवा पातळ झालेली असली, तेव्हा. म्हातारपणी त्वचा पातळ होते, आणि दुखणं जुनं असल्यामुळे चोळणं रोजचं असतं. शिवाय मूत्रपिंड औषध बाहेर टाकायला वेळ लावतं. म्हणजे आत येणं वाढतं आणि बाहेर जाणं घटतं.

याची पहिली ठळक सूचना हाँगकाँगमधून आली, आणि ते स्वाभाविक होतं. चिनी घरांत चोळायची औषधी तेलं आपल्या बामइतकीच रुळलेली आहेत, आणि त्यांतल्या काहींत मिथाइल सॅलिसिलेट निम्म्याहून जास्त असतं. १९८९ मध्ये आणि पुन्हा १९९५ मध्ये तिथल्या डॉक्टरांनी असे रुग्ण नोंदवले, जे हृदयासाठी वॉरफरिन घेत होते आणि त्याच वेळी मिथाइल सॅलिसिलेटचं मलम किंवा तेल चोळत होते. वॉरफरिन म्हणजे रक्त गोठू न देणारी गोळी. १९४८ मध्ये ती उंदीर मारायला बाजारात आली आणि १९५४ पासून माणसांना औषध म्हणून मिळू लागली. तिची मात्रा फार काटेकोर ठेवावी लागते. गोळीचा डोस तोच होता, पण रक्त जास्तच पातळ झालं. कारण शोधताना डॉक्टर गोळ्यांची यादी विचारतात. तेल त्या यादीत कोणीच सांगत नाही. तेलाला आपण औषध म्हणतच नाही ना!

आणि सगळ्यात मोठी अडचण ओळखण्याची. शरीरात सॅलिसिलेट हळूहळू साठलं तर कानात आवाज येतो, ऐकू कमी येतं, श्वास जोरात चालतो, माणूस गोंधळतो, झोपाळतो. आता ही लक्षणं ८० वर्षांच्या माणसात दिसली तर घरचे काय म्हणतील? 'वय झालं.' १९७६ मध्ये अमेरिकेत या विषबाधेने रुग्णालयात आलेल्या ७३ प्रौढांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तो मुख्यतः अ‍ॅस्पिरीनबद्दल होता, पण रक्तात सॅलिसिलेट तेच. त्यातल्या २७ टक्के रुग्णांचं खरं निदान दाखल झाल्यावरही, काहींच्या बाबतीत ७२ तासांपर्यंत, झालं नव्हतं. रुग्णालयात असूनही. लहान मूल बाटलीपाशी सापडलं तर कोणीही ओरडतं. म्हातारं माणूस गोंधळलं तर कोणाला बाटली आठवत नाही. एकाच विषाच्या दोन बळींमध्ये हा फरक आहे, आणि तो वैद्यकापेक्षा आपल्या नजरेचा जास्त आहे.

शेवटचा टप्पा पॅचचा. १९९० मध्ये अमेरिकेत फेंटानिलच्या पॅचला मान्यता मिळाली. फेंटानिल हे मॉर्फीनच्या सुमारे शंभरपट जोरकस. कर्करोगाच्या वेदनेवर हा पॅच खरोखर वरदान आहे. तो तीन दिवस त्वचेतून सावकाश औषध देतो. पण इथे विष आणि औषध यांच्यात एक पारदर्शक चिकटपट्टी एवढंच अंतर आहे. जुना पॅच न काढता नवा लावला, वर हीटिंग पॅड ठेवलं, ताप चढला, की औषध जास्त आत जातं, श्वास मंदावतो. पॅच काढला तरी त्वचेखाली साठलेलं औषध कित्येक तास रक्तात येत राहतं. अमेरिकी औषध प्रशासनाने २००५ मध्ये याबद्दल जाहीर इशारा दिला. २०१२ मध्ये त्यांनी १५ वर्षांतल्या मुलांच्या २६ घटना मांडल्या, त्यात १० मुलं दगावली होती. पुष्कळ घटनांत आजी-आजोबांचा पॅच गळून मुलाला चिकटणं किंवा कचऱ्यातला पॅच तोंडात जाणं, असल्या वाटांचा धोका होता. आणि २०१३ मध्ये नियम आला, की पॅचवर औषधाचं नाव आणि ताकद ठळक, न पुसणाऱ्या शाईत छापायची, म्हणजे अंगावर किंवा जमिनीवर पडलेला पॅच नजरेला पडेल. बघा, १८९९ ची निळी बाटली आणि २०१३ ची ठळक शाई यांचा विचार एकच आहे. वस्तूनेच सांगितलं पाहिजे की मी कोण आहे.

आता आपल्या घरात येऊ. भारतात औषधांच्या १९४५ च्या नियमांनुसार चोळायच्या औषधावर 'फॉर एक्स्टर्नल यूज ओन्ली' लिहिणं सक्तीचं आहे. ते लिहिलेलं असतं. बहुधा इंग्रजीत, बारीक अक्षरांत, गोल बाटलीच्या मागच्या बाजूला. ज्या आजीने ते वाचायचं, तिला इंग्रजी येत नाही, किंवा अक्षरं दिसत नाहीत, किंवा दोन्ही. नियम पाळला गेला आणि सूचना पोचली नाही. शिवाय आपल्याकडे बाटली टाकून न देण्याची काटकसर आहे. मोठ्या बाटलीतलं तेल खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटलीत ओतून ठेवणं, वैद्याकडून आणलेलं तेल कसल्याही बाटलीत भरून आणणं, हे आपण सगळे करतो. काटकसर चांगलीच. पण बाटलीचं जुनं लेबल तेव्हा खोटं बोलत असतं.

म्हणून या इतिहासातून निघणाऱ्या चार साध्या गोष्टी सांगतो आणि थांबतो.

एक, चोळायचं आणि प्यायचं औषध एका फळीवर ठेवू नका. दोन, चोळायच्या बाटलीच्या गळ्याला दोन-तीन रबरबँड घट्ट गुंडाळा, किंवा खडबडीत चिकटपट्टी लावा, आणि घरातल्या वयस्कर माणसांना ती हाताने ओळखायला लावा. १८९९ चा नियम आपण दहा पैशांत घरी आणू शकतो. तीन, डॉक्टरांना औषधं सांगताना तेल, बाम, पॅच हेही सांगा, विशेषतः रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर. आणि लेप लावल्यावर वरून शेक देऊ नका. चार, कोणी चुकून प्यायलंच, तर मीठ-पाणी पाजून उलटी काढायला जाऊ नका. कापरासारख्या तेलात झटका येऊ शकतो आणि उलटी फुफ्फुसात जाऊ शकते. १०८ ला फोन करा, बाटली बरोबर घ्या आणि 'थोडंच प्यायलंय' म्हणून सकाळची वाट पाहू नका. माणूस ठीक दिसत असला तरी.

आणि घरातलं म्हातारं माणूस अचानक गोंधळलं, कानात आवाज येतो म्हणालं, धापा टाकायला लागलं, तर 'वय झालं' म्हणण्याआधी एकदा त्यांच्या उशाशी काय काय ठेवलंय ते बघा.